दोघी विहिणी समुद्रावर

खुशीनं फोनच्या पडद्यावर निळा पोहायचा ड्रेस नाचवला आणि म्हणाली, "आजी, हा मी नानीच्या खोलीत लपवून ठेवला होता, मम्मीला सापडू नये म्हणून." अकोल्याच्या स्वयंपाकघरात तव्यावर पोळी टाकताना कौशल्याबाईंचा हात तसाच थांबला. पोर पुढं काय काय सांगत होती, समुद्र, बोट, गोल्फचं मैदान, पण त्यांच्या कानात तेवढे दोनच शब्द राहिले. नानीच्या खोलीत. अमरावतीच्या त्या घरात खोल्या तीनच. एक पियुष आणि करिश्माची, एक खुशीची, आणि तिसरी ती, जिच्या खिडकीतून शेजारच्या शाळेचं पटांगण दिसतं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळी मंडळी जेवायला बसली असताना पियुष त्यांना हाताला धरून तिथं घेऊन गेला होता. म्हणाला होता, "माय, हे खोली तुई. जवा येशीन तवा." रिकाम्या खोलीत चुन्याचा वास होता आणि त्याच्या आवाजाचा थोडा प्रतिध्वनी आला होता. तो 'जवा' त्यांनी तेव्हापासून जपला होता. त्या खिडकीसाठी पडदेही शिवून पाठवले होते. मुलगा बोलावील, आपण एकदा नाही म्हणू, तो परत म्हणेल, मग जाऊ. गेल्या पावसाळ्यात तर राजेश्वराच्या देवळाबाहेरचं फुलांचं दुकानसुद्धा त्यांनी पुतण्याच्या बायकोला चालवायला देऊन टाकलं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे काही दुखत नव्हते. त्यानं या म्हटलं की अडकायला काही नको, एवढंच होतं मनात, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. पोरगी बोलता बोलता म्हणून गेली असेल. करिश्माची आई, मायाबाई, येत असतील अधूनमधून, त्याच गावात तर राहतात, झोपत असतील दुपारी घटकाभर. त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं दुकानावर बसून एक गोष्ट त्या शिकल्या होत्या: कालचा हार कुठून घेतला होता, हे गिऱ्हाइकाला कधी विचारू नये.

नांदगाव पेठेतल्या ज्या कापडाच्या कंपनीत पियुष होता, तिनं त्याला चार दिवसांची ही सहल दिली होती. कोकणातलं समुद्रकाठचं गाव, कुटुंबासाठी हॉटेल, पोरांसाठी झोपाळे, मोठ्यांसाठी मासेमारी आणि गोल्फ. "सगळे जाऊ, माय," असं तो फोनवर म्हणाला होता, आणि सगळ्यांत करिश्माची आई असणार हे सांगायला नको होतं. कौशल्याबाईंनी मात्र मनातल्या मनात त्यातून दुसरंच काढलं होतं: समुद्रावर नेऊन तो विचारणार. घरात, फोनवर, असल्या गोष्टी निघत नाहीत. मोकळ्या जागी निघतात. पण मुंबईच्या पुढं भाड्याच्या गाडीत बसताना पियुषनं मायाबाईंचा कोपर धरला आणि हलकेच म्हणाला, "आई, इथे पायरी आहे." आई. लग्नात तो त्यांना अडखळत 'मम्मी' म्हणायचा, करिश्मा म्हणते म्हणून. हा 'आई' नवा होता, मऊ होता, आणि त्याच्या मागेपुढे तो जे बोलत होता त्यातला प्रत्येक 'ण' जागच्या जागी लागत होता. कौशल्याबाई 'माय' होत्या. गावाकडच्या मळ्याच्या त्या टोकाकडून हाक मारायला तो शब्द होता, शेवंतीच्या वाफ्यांवरून, मोटारपंपाच्या आवाजावरून, तहान लागली म्हणून, पायात काटा गेला म्हणून, बाप गेला त्या दिवशी शाळेतून धावत येताना दारातूनच मारलेली हाकही तीच. तो एकच शब्द आहे आणि तो आपल्याला मिळालेला आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. आणखी एक शब्द शिल्लक आहे आणि तो कोणाला तरी द्यायचा उरला आहे, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो दोन पाठींच्या मधून. हॉटेल कड्यावर होतं. गाडीतून उतरून सगळे कठड्यापाशी गेले, आणि त्या चपलेचा बंद नीट करून मागून पोचल्या तेव्हा पियुष मायाबाईंच्या मागे उभा होता, त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांना जरासं वळवत. "इकडे, आई. आता सरळ बघा. ती बोट दिसली? तिच्याही पलीकडे." त्याचा आवाज असा होता जसा माणूस आजाऱ्याला औषध पाजताना काढतो, किंवा खूप आवडत्या माणसाला काही दाखवताना. कौशल्याबाईंना त्यातलं आवडत्या माणसाचंच ऐकू आलं. खाली खूप पाणी होतं, वारा तोंडात मिठासारखा लागत होता, पोरं टोप्या घालून वाळूत पळत होती, आणि कौशल्याबाईंना हे सगळं आधीच कोणीतरी वापरलेलं वाटलं. "कसा वाटला, माय, समुद्र?" पियुषनं वळून मोठ्यानं विचारलं. "हाये चांगला," त्या म्हणाल्या. त्याला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या मुद्दाम मायाबाईंच्या शेजारी बसल्या. इडलीची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या तर काहीच नाही, फक्त बशी धरून राहिल्या. मायाबाई समोर बघत चहा पीत होत्या, ताठ, पांढरे केस नीट मागे बांधलेले, बाह्यांना इस्त्री. बशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कौशल्याबाईंनी बशी परत ठेवली. मायाबाई जन्मभर शाळेत बाई होत्या, वर्गात कोणी हात वर केला तरी आपल्याला वाटेल तेव्हाच बघायची सवय असणार. कालपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. गाडीत पाण्याची बाटली दिली होती ती तशीच हवेत राहिली होती. रात्री खोलीत "झोपल्या का?" म्हटलं तेव्हा त्या उत्तराला वळल्या होत्या तेही भलतीकडेच, जणू भिंतीशी बोलत. कौशल्याबाईंना गिऱ्हाइकांचा तोरा नवा नव्हता. पण तो तासाभराचा असतो. इथं एकाच खोलीत दोन खाटा होत्या.

गोल्फचं मैदान हॉटेलच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर होतं. एवढं हिरवं गवत, आणि तेही कोणत्या जनावरासाठी नाही, दाण्यासाठी नाही, पांढऱ्या चेंडूनं नीट घरंगळावं म्हणून. कौशल्याबाई छत्रीखालच्या वेताच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या. शिकवणारा पोरगा खुशीला काठी कशी धरायची ते दाखवत होता आणि पियुष मायाबाईंना शिकवत होता. तो त्यांच्या मागे उभा राहिला, हात पुढं घेऊन त्यांच्या हातांवर ठेवले, काठी एकदा मागं, एकदा पुढं, नुसतीच, मग कानाशी काही बोलला, मग चेंडूला लावली. चेंडू गेला, गेला, झेंड्याजवळ जाऊन थांबला. "आई, मारलात तुम्ही!" करिश्मा फोनवर चित्र घेत होती. मायाबाई हसल्या, चेंडू जिकडं गेला तिकडं नव्हे, पियुषच्या चेहऱ्याकडं बघून हसल्या, आणि तो हसणं कसं थांबवायचं ते विसरल्यासारखा उभा राहिला.  त्या हातांना कौशल्याबाई ओळखत होत्या. बाप गेल्यावर दहावीतला पियुष संध्याकाळी दुकानावर येऊन बसायचा, गजरा करता येत नव्हता, मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यातून गळून पडायच्या, आणि त्या त्याच्या मागं गुडघ्यावर बसून अशाच त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवायच्या. असा नाही रे, गाठ अशी. तेव्हा त्याच्या केसांना घामाचा आणि खडूचा वास यायचा. ही रीत आपणच त्याच्या अंगात घातली, आणि ती अशी तिसऱ्याच बाईच्या कामाला आली. "माय, तू मारतं का?" तो लांबून ओरडला. "मले नाई जमत, बापा." तो बरं म्हणाला आणि वळला. वऱ्हाडात चहालासुद्धा माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. ऊन सरकून त्यांच्या पायावर आलं तरी तो दुसरा प्रश्न आला नाही.

संध्याकाळी वाळूत खुशी किल्ला करत बसली होती, आणि बाकीची मंडळी भेळ आणायला गेली होती. कौशल्याबाईंनी पाणी भरून आणायचं काम घेतलं होतं. दोन खेपा झाल्यावर त्यांनी अगदी सहज, बादली खाली ठेवता ठेवता विचारलं, "नानी कवापासून राहून राहिली वं तुमच्याकडे?"

"गणपतीपासून," खुशी म्हणाली. वाळूत बोटानं खिडक्या पाडत होती. मग बोट थांबलं. "आजी, पप्पा म्हणाले होते, आजीला इतक्यात सांगू नको."

"मंग मी नाई सांगत कोणाले," कौशल्याबाई म्हणाल्या. बादली उचलून त्या पाण्याकडं गेल्या आणि बराच वेळ वाकून राहिल्या. लाट यायची, बादली भरायची, लाट जायची, बादली त्यांच्या हातून वाकडी होऊन रिकामी व्हायची. गणपती कधीच गेले, आता संक्रांत झाली होती. मध्ये दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीत तो अकोल्याला आला होता, एक रात्र राहून गेला. त्यानं भाकरीबरोबर ठेचा मागून खाल्ला, दुकान का दिलं म्हणून रागावला, गुडघ्यांना तेल लाव म्हणाला. त्या वेळी त्याला हे ठाऊक होतं. ठेचा खाताना ठाऊक होतं. आणि आपण अकोल्याच्या फ्लॅटमध्ये बसून वाट कसली बघत होतो, तर भरलेल्या खोलीची. राग पियुषचा यायला हवा होता. पण तो सोन्यासारखा पोरगा, त्याच्यावर राग टिकत नव्हता, घसरून खाली पडत होता, आणि जिथं पडत होता तिथं ती इस्त्रीच्या बाह्यांची बाई उभी होती.

सकाळी बोट होती. मच्छीमारानं प्रत्येकाच्या हातात गुंडाळलेली दोरी आणि गळ दिला, कोळंबीचा तुकडा कसा टोचायचा ते दाखवलं. पाणी शांत होतं. मायाबाई दोरी बोटावर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांच्याच गळाला पहिला मासा लागला, दुसराही लागला. खुशी टाळ्या पिटत होती. कौशल्याबाईंना मासे धरायचे नव्हते. वाऱ्यानं डोळ्यात पाणी येत होतं, ते एक बरं होतं. मग मच्छीमारानं बाजूनं हात लांब करून मायाबाईंपुढं आमिषाची वाटी धरली. त्या समोर बघत राहिल्या. त्यानं वाटी आणखी पुढं केली, त्यांच्या दंडाला लावली, त्या एकदम दचकल्या आणि वाटी बोटीत सांडली.

"आजींना दिसत नाही काय हो?" त्यानं सरळच विचारलं.

 बोट डुलत राहिली. मग करिश्मा म्हणाली, "बाजूचं दिसत नाही तिला. समोरचंच दिसतं, तेही थोडंसं. काचबिंदू आहे."

"नळीतून बघावं तसं," मायाबाई शांतपणे म्हणाल्या. "नळी बारीक होत चालली आहे. मीच सगळ्यांना म्हटलं होतं, सांगू नका. लोक एकदा हात धरायला लागले की सोडत नाहीत."

कौशल्याबाईंच्या मनात बशी, बाटली, भिंत, खांद्यावरचे हात, काठीवरचे हात, सगळं एकेक करून उलटं झालं. आता कीव यायला पाहिजे होती. त्या तिची वाट बघत होत्या. पण आली ती निराळीच गोष्ट, इतकी ओंगळ, की त्यांनी पदर तोंडावर धरला. हिला कारण मिळालं. हिचे डोळे गेले आणि हिला खोली मिळाली. आपलं शरीर धड राहिलं, डोळे धड, गुडघे खोटे दुखणारे, म्हणून आपण अकोल्याला. कालपर्यंत निदान ती बाई तोऱ्याची होती, तिच्यावर जळता येत होतं. आता तेही काढून घेतलं.

परतताना धक्क्यावर बोट लागली तेव्हा त्या आधी उतरल्या. पायऱ्या शेवाळानं हिरव्यागार होत्या, त्यांनी पदर खोचला, भिंतीला धरून दोन पायऱ्या चढल्या आणि वळल्या. पियुष खुशीला उचलून घेत होता. करिश्मा पिशव्या देत होती. मायाबाई कोणाची वाट न बघता उतरल्या होत्या आणि पहिल्या पायरीवर उभ्या होत्या, एक हात पुढं केलेला, हवेत काही शोधत असलेला. तो हात कौशल्याबाईंच्या अगदी जवळ होता. त्यांनी आपला पुढं केला. म्हणजे तो आपोआप गेला. आणि मग, त्यांनी ते नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, तो मध्येच थांबला आणि मागं आला. फार थोडा मागं. त्या बाईला एकदा तरी कोणी धरू नये, एवढंच वाटलं होतं. एकदा.

मायाबाई पडल्या तेव्हा आवाज फारसा झाला नाही. मनगट मोडलं. गावातल्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, डॉक्टरनं शेवाळाला शिव्या दिल्या, सगळ्यांनी शेवाळाला दिल्या. बाकावर बसलेल्या कौशल्याबाईंपाशी येऊन पियुष म्हणाला, "तू बाजूलेच होती ना, माय?" त्यात आरोप नव्हता. "होती," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी बाकीचे खुशीला घेऊन झोपाळ्यांवर गेले. खोलीत दोघीच. मायाबाई एका हातानं केस सोडवायचा प्रयत्न करत होत्या आणि गाठ अधिकच बसत होती. थोडा वेळ बघून कौशल्याबाई उठल्या, फणी घेतली आणि त्यांच्या मागं खाटेवर बसल्या. केस पातळ होते, मिठानं राठ झालेले. खालून वर, खालून वर, गुंता सुटत गेला. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता, न थांबणारा, त्याचीही सवय झाली होती.

"तुमचा हात आला होता," मायाबाई म्हणाल्या.

फणी थांबली.

"पाटल्या वाजल्या तुमच्या. मला वाटलं, आला हात. मग त्या पुन्हा वाजल्या, जरा लांबून." त्यांच्या आवाजात काही नव्हतं, वर्गात धडा सांगावा तसा आवाज. "मी कोणाला बोलले नाही. बोलणार पण नाही."

 केसांची बट कौशल्याबाईंच्या मुठीत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "ते खोली मले देल्ली होती त्यानं."

"कोणती?"

"तुमी राह्यता ते."

मायाबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. पडदे कोणी आणले असं विचारलं होतं मी, तर पियुष उठून बाहेर गेला." त्या थांबल्या. "रात्री तो तुम्हाला फोन करतो ना, मी आतून ऐकते. आवाजच बदलतो त्याचा. काहून, कुठी, जेवली का. मोठ्यानं हसतो. माझ्याशी तो शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं बोलतो. चूक होईल म्हणून भीत भीत. मला तर वाटतं, मी घरातून गेले की हे सगळे एकदम वऱ्हाडीत बोलायला लागत असतील."

 कौशल्याबाईंनी वेणीला सुरुवात केली. पण आत कुठंतरी एक गोड, चोरटी कळ उठली, आणि ती त्यांनी गालात धरलेल्या खडीसाखरेसारखी मुंबईपर्यंत, आणि पुढं रेल्वेतही, कोणाला न दाखवता विरघळू दिली. आपण असं सुखावतो आहोत याची लाजही वाटली. दोन्ही बरोबरच राहिलं.

अकोला आधी येतं, अमरावती नंतर. गाडी उशिरा धावत होती, ऊन फलाटावर पसरलं होतं. पियुष त्यांची बॅग घेऊन खाली उतरला. मायाबाई आत खिडकीशी बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर. कौशल्याबाईंना वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"मले काहून नाई सांगतलं?"

त्यानं कशाबद्दल असं विचारलं नाही. बॅगचा पट्टा हातात गुंडाळत राहिला. "तुले राग येईन म्हणून."

"आला," त्या म्हणाल्या. "अजूनई हाये."

तो लहानपणी मार खायच्या आधी उभा राहायचा तसा उभा होता. "मी जागा करतो, माय. खुशीच्या खोलीत, नाई तं हॉलमधी. तू ये. आत्ताच चाल ना."

"असं फलाटावर उभं राहून नाई बोलवत कोणी. घरी जा. जेव. मंग फोन कर." आणि थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी पहिल्यांदा नाई म्हणीन."

"माहीत हाये मले."

"मैदानावर नव्हतं माहीत."

त्यानं मान खाली घातली. भोंगा झाला, तो पळत जाऊन डब्यात चढला. काचेआड मायाबाई हात हलवत होत्या. पण त्या कौशल्याबाईंकडं बघत नव्हत्या. चहाच्या गाड्याजवळ कौशल्याबाईंसारख्याच हिरव्या लुगड्यातली कोणी बाई गाठोडं घेऊन उभी होती, त्यांच्या नळीत ती आली होती, आणि तिला त्या मनापासून निरोप देत होत्या, डावा हात वर करून, हसून. ती बाई गोंधळून मागे बघत होती. कौशल्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हलवू दे तिकडंच, असं त्यांच्या मनात आलं, अगदी स्पष्ट. गाडीला झटका बसला. मग त्यांनी बॅग तिथंच सोडली, गर्दीतून वाट काढत झपाझप चालत गेल्या, आणि त्या बाईच्या पुढं, जिथं मायाबाई बघत होत्या बरोबर तिथं, जाऊन उभ्या राहिल्या.